बीथोव्हन एक, फुर्टवेंगलर अनेक

मैफलीतला क्षण तबकडीत पकडता येत नाही, असे मानणाऱ्या विल्हेल्म फुर्टवेंगलर यांची आजची ओळख मात्र ध्वनिमुद्रणांतूनच उरली आहे. बीथोव्हनच्या त्याच त्या सिंफनी त्यांनी युद्धापूर्वी, युद्धाच्या धगीत आणि युद्धानंतरच्या राखेत पुन्हा पुन्हा उभ्या केल्या. ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली, की संगीत आणि ते ज्या काळात वाजले तो काळ वेगळे काढता येतात का, हा प्रश्न टाळता येत नाही.

बर्लिनच्या जुन्या फिलहार्मनी सभागृहात १९ एप्रिल १९४२ रोजी झालेल्या मैफलीची काही मिनिटांची चित्रफीत आज उपलब्ध आहे. दुसऱ्या दिवशी हिटलरचा त्रेपन्नावा वाढदिवस. सभागृहात स्वस्तिकाचे ध्वज, श्रोत्यांत जखमी सैनिक आणि राजवटीतील बडे अधिकारी. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीचा, म्हणजे माणसे एकमेकांची भाऊ होतील असे सांगणाऱ्या शिलरच्या काव्यावर बांधलेल्या रचनेचा, शेवट गर्जत संपतो. प्रचारमंत्री गोबेल्स व्यासपीठापाशी येऊन हात पुढे करतो. उंच, किडकिडीत संचालक खाली वाकून तो हात हाती घेतात. पुढच्याच क्षणी त्यांच्या हातात रुमाल दिसतो आणि ते हात पुसत असावेत असे वाटते.

या काही सेकंदांवरून गेली कित्येक दशके वाद चालू आहे. राजवटीचा स्पर्श त्यांनी पुसून टाकला, असे चाहते म्हणतात. तासाभराहून अधिक वेळ घाम गाळलेला माणूस रुमाल काढणारच, असे टीकाकार म्हणतात. हिटलर स्वतः त्या मैफलीला हजर नव्हता. हा कार्यक्रम फुर्टवेंगलर यांनी आधीची काही वर्षे निरनिराळ्या सबबी सांगून टाळला होता, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्या वर्षी मात्र तो टळला नाही. रुमालावरून माणसाचा न्याय करता येत नाही. पण त्याच सभागृहात, त्याच वाद्यवृंदाकडून, त्याच सिंफनीचे जे वादन महिनाभर आधी, २२ ते २४ मार्च १९४२ या दिवसांत, रेडिओसाठी मुद्रित झाले, ते पूर्णपणे वाचले आहे. बीथोव्हनच्या ध्वनिमुद्रणांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातील सर्वाधिक अस्वस्थ करणाऱ्या मुद्रणांत त्याची गणना होते. फुर्टवेंगलर यांना समजून घ्यायचे तर रुमाल बाजूला ठेवून तिथून सुरुवात करावी लागते.

बर्लिनचा वारसा

विल्हेल्म फुर्टवेंगलर यांचा जन्म २५ जानेवारी १८८६ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील अडोल्फ हे ग्रीक कलेचे नामवंत पुरातत्त्वज्ञ, तर आई चित्रकार. मुलाचे शिक्षण बहुतांशी घरीच, खासगी शिक्षकांकडून झाले. बीथोव्हनचे वेड अगदी लहानपणापासूनचे. त्यांना व्हायचे होते संगीतरचनाकार आणि अखेरपर्यंत ते स्वतःला आधी रचनाकार व मग संचालक मानत राहिले. १९२२ साली आर्थर निकिश यांचे निधन झाले आणि अवघ्या छत्तिसाव्या वर्षी फुर्टवेंगलर यांच्याकडे बर्लिन फिलहार्मनिकची धुरा आली. निकिश यांनी १९१३ साली याच वाद्यवृंदाकडून बीथोव्हनची पाचवी सिंफनी मुद्रित करून घेतली होती. संपूर्ण सिंफनीच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. त्यामुळे बीथोव्हनबरोबरच त्याच्या ध्वनिमुद्रणाचा वारसाही फुर्टवेंगलर यांना एकाच घरातून मिळाला. पहिल्या वारशावर त्यांनी जीव ओवाळून टाकला. दुसऱ्याकडे मात्र ते कायम संशयाने पाहत राहिले.

इथे एका गोष्टीचा खुलासा करायला हवा. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर उतरवलेला असतो. मग साठ-सत्तर वादकांपुढे उभा राहून हात हलवणारा संचालक नेमके काय करतो, असा प्रश्न आपल्याकडील श्रोत्याला पडणे साहजिक आहे. एकच बंदिश दोन गायक गातात तेव्हा शब्द तेच, राग तोच, तरी दोन निराळी गाणी उभी राहतात. सिंफनीत एवढे स्वातंत्र्य नसते. एकही स्वर बदलता येत नाही. परंतु लय किती धरायची, ती कुठे ढिली सोडायची, कोणते वाद्य पुढे आणायचे, दोन स्वरांमधली शांतता किती ताणायची, हे सारे कागदावर पूर्णपणे लिहिता येत नाही. हा उरलेला प्रदेश संचालकाचा. फुर्टवेंगलर यांच्या आधी आणि नंतरही अनेक थोर संचालक झाले, पण या प्रदेशात इतक्या खोलवर शिरलेले थोडेच.

लिहिलेले आणि न लिहिलेले

व्हिएन्नाचे संगीतमीमांसक हाइनरिश शेंकर यांनी १९१२ साली नवव्या सिंफनीवर एक सविस्तर ग्रंथ लिहिला होता. तरुण फुर्टवेंगलर त्या ग्रंथाने भारावले, शेंकर यांना भेटले आणि १९३५ मध्ये शेंकर यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याशी चर्चा करीत राहिले. सुटे सुटे सूर न ऐकता सबंध रचना एका लांबच्या नजरेने ऐकायची, हे त्यांनी शेंकर यांच्याकडून घेतलेले मोठे सूत्र. पहिल्या पानावरच्या स्वराला शेवटच्या पानावरचा स्वर दिसत असला पाहिजे. म्हणूनच त्यांच्या वादनात लय सतत बदलत असली तरी ती लहरीपणाने बदलते आहे असे वाटत नाही. चढावर दम घ्यायला थांबणारा आणि उतारावर आपसूक वेग घेणारा वाटसरू जसा एकच वाट चालत असतो, तसे ते असते.

याच काळात दुसऱ्या टोकाला होते आर्तुरो तोस्कानिनी. लिहिले आहे ते वाजवा, नेमके वाजवा आणि सरळ लयीत वाजवा, हा त्यांचा बाणा. तोस्कानिनींचा हात तलवारीच्या पात्यासारखा खाली येई आणि शंभर वादक एका क्षणी वाजत. फुर्टवेंगलर यांचा हात थरथरत, नागमोडी खाली येई आणि नेमके कधी सुरू करायचे हे वादकांना एकमेकांकडे पाहून ठरवावे लागे. पाचव्या सिंफनीचे ते जगप्रसिद्ध पहिले चार ठोके त्यांच्या मुद्रणांत क्वचितच चाकूने कापल्यासारखे एकत्र येतात. पण त्या किंचित विस्कळीतपणातून जो खोल, जमिनीतून वर आल्यासारखा ध्वनी उमटतो, तो अचूक इशाऱ्याने मिळत नाही. बर्लिन फिलहार्मनिकचा गडद, दाट आवाज म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या घडणीत या अनिश्चित हाताचा वाटा मोठा होता.

चार मिनिटांचा तुरुंग

अशा संचालकाला तत्कालीन ध्वनिमुद्रण मानवणे शक्यच नव्हते. मेणाच्या तबकडीवर एका बाजूला साधारण चार मिनिटांचे संगीत मावे. पस्तीस मिनिटांची पाचवी सिंफनी म्हणजे आठ-नऊ बाजू आणि दर चार मिनिटांनी थांबून पुन्हा सुरुवात. ज्याची सगळी कला एका स्वरातून पुढचा स्वर उगवण्यावर अवलंबून, त्याला दर चार मिनिटांनी धागा तोडायला लावणे ही शिक्षाच होती. तरीही त्यांनी पाचवी सिंफनी १९२६ साली आणि पुन्हा १९३७ साली अशी तुकड्यातुकड्यांनी मुद्रित केली. दुसरे मुद्रण आजही आदराने ऐकले जाते. मात्र श्रोत्यांशिवाय, मायक्रोफोनकडे तोंड करून वाजवलेले संगीत हे त्यांच्या लेखी संगीताचे छायाचित्रच होते.

परिस्थिती पालटली ती चुंबकीय फितीमुळे. जर्मनीत विकसित झालेले मॅग्नेटोफोन हे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांपुढे आले. १९४० मध्ये जर्मन रेडिओच्या अभियंत्यांनी त्यात मोठी सुधारणा घडवून आणली आणि फितीवरचा आवाज एकदम स्वच्छ झाला. आता सिंफनीचा एकेक भाग अखंड मुद्रित करता येऊ लागला आणि तोही प्रत्यक्ष मैफलीत, श्रोत्यांसमोर. फ्रीडरिश श्नाप हे रेडिओचे ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फुर्टवेंगलर यांच्या मैफलींचे मुद्रण पाहत. ज्या राजवटीने देशाला विनाशाकडे नेले, तिच्याच प्रचारयंत्रणेच्या साधनांमुळे फुर्टवेंगलर यांचे मैफलीतले संगीत प्रथमच अखंड टिकून राहिले. ही विसंगती त्या संगीताला आजही चिकटून आहे.

मार्च १९४२ ची नववी

त्या मार्चमधील नववी सिंफनी सुरू होते ती नेहमीप्रमाणेच अस्फुटपणे. तंतुवाद्यांची कुजबूज, वर कुठूनतरी पडणारे दोन-दोन स्वर, जणू रचना अजून जन्माला यायची आहे. हे धुके फुर्टवेंगलर नेहमीच जपून उभे करीत. पण पहिल्या भागाच्या मध्यावर, जेव्हा तीच सुरुवात पूर्ण ताकदीने परत येते, तेव्हा या मुद्रणात जे घडते ते त्यांच्या इतर कोणत्याही मुद्रणात इतक्या भीषणतेने घडत नाही. टिंपनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील नगारे, इतक्या क्रूरपणे कोसळत राहतात, की मायक्रोफोनला तो आवाज पेलवत नाही आणि तो फाटतो. बाकीची वाद्ये त्या गडगडाटाखाली चिरडली जातात. इथे विजय नाही, उदात्तताही नाही. आहे ती केवळ आपत्ती.

त्यानंतरचा संथ भाग मात्र वीस मिनिटांच्या आसपास रेंगाळतो. बाहेरच्या जगाशी आपला काही संबंध नाही, अशा एकाकीपणाने तो वाजतो. शेवटच्या भागात आनंदाची ती सर्वश्रुत धून खालच्या तंतुवाद्यांतून येते, तीही जवळजवळ ऐकू येणार नाही इतक्या हळुवार आवाजात. मग वृंदगान, ‘ईश्वरासमोर’ या अर्थाच्या शब्दांवर अवास्तव वाटावा इतका ताणलेला स्वरमेळ आणि अखेरीस बेभान धाव. ही धाव आनंदाची की उन्मादाची, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. अनेक समीक्षकांना त्यात राजवटीविरुद्धचा आक्रोश ऐकू येतो. पण तीच धाव ऐकून सभागृहातील त्या वेळचे श्रोते आपलाच विजय साजरा होतो आहे असे मानत घरी गेले असतील, ही शक्यताही नाकारता येत नाही. सुरांना साक्षीदार करता येते, वकील करता येत नाही.

त्यानंतरची दोन वर्षे बर्लिनवर बाँब पडत राहिले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस फिलहार्मनी सभागृह जमीनदोस्त झाले. डिसेंबर १९४४ मध्ये फुर्टवेंगलर यांनी व्हिएन्ना फिलहार्मनिककडून तिसरी, ‘एरोइका’ सिंफनी रेडिओसाठी मुद्रित करून घेतली. बीथोव्हनने ही रचना नेपोलियनच्या नावे करायचे योजले होते आणि तो सम्राट होताच संतापून ते नाव काढून टाकले, ही कथा प्रसिद्ध आहे. दुसरा एक हुकूमशहा अखेरच्या घटका मोजत असताना मुद्रित झालेल्या या एरोइकातील शोकयात्रेचा भाग सतरा मिनिटांच्या घरात जातो. त्यात शोक कोणा एका वीराचा वाटत नाही. पुढे युरेनिया या अमेरिकन कंपनीने ही फीत परवानगीविना तबकडीवर आणली, तेव्हा फुर्टवेंगलर यांनी तिच्याविरुद्ध कायदेशीर कारवाई केली. आपण संमती न दिलेले वादन आपल्या नावावर विकले जाऊ नये, ही त्यांची भूमिका. आज त्यांच्या सर्वोत्तम मुद्रणांत हीच एरोइका गणली जाते.

राहिले, म्हणून दोषी?

फुर्टवेंगलर नाझी पक्षाचे सदस्य कधीच नव्हते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी गोबेल्सला जाहीर पत्र लिहून ज्यू कलावंतांवरील बहिष्काराला हरकत घेतली. नोव्हेंबर १९३४ मध्ये पाउल हिंडेमिट या रचनाकाराच्या बाजूने वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यावरून वादळ उठले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी बर्लिन फिलहार्मनिकसह सर्व पदांचा राजीनामा दिला. अनेक ज्यू संगीतकारांना त्यांनी व्यक्तिशः मदत केल्याच्या नोंदी आहेत. ही एक बाजू.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १९३५ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा मैफलीच्या व्यासपीठावर आले, तेही बीथोव्हन घेऊन. १९३६ साली न्यूयॉर्क फिलहार्मनिकने तोस्कानिनींच्या जागी त्यांना बोलावले, पण अमेरिकेत निषेध उसळताच ते मागे हटले. ब्रूनो वाल्टर, ऑटो क्लेंपरर यांना देश सोडावा लागला होता. एरिश क्लायबर यांनी तो स्वेच्छेने सोडला. फुर्टवेंगलर राहिले. खरा जर्मनी हिटलरचा नसून बीथोव्हनचा आहे आणि त्या जर्मनीला आपली गरज आहे, असे ते मानत. पण जगापुढे सभ्यतेचा मुखवटा धरायला राजवटीला नेमका असाच माणूस हवा होता. जर्मनीतील त्या बारा वर्षांत बीथोव्हनचा स्वातंत्र्यावरील ऑपेरा ‘फिडेलिओ’ ऐकताना लोकांना लाज कशी वाटली नाही, असा सवाल टॉमस मान यांनी १९४५ साली केला, तो फुर्टवेंगलर यांनाही लागू पडतो.

१९४५ च्या सुरुवातीला अटकेची चाहूल लागताच ते स्वित्झर्लंडला निसटले. युद्धानंतर डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची नाझीवाद-निर्मूलन समितीपुढे चौकशी झाली आणि ते दोषमुक्त ठरले. अमेरिकेने मात्र त्यांना माफ केले नाही. शिकागो सिंफनी वाद्यवृंदाने त्यांना दिलेले निमंत्रण आर्तुर रुबिनस्टाइन, व्लादिमीर होरोविट्झ आदी कलावंतांच्या बहिष्काराच्या इशाऱ्यामुळे १९४९ साली बारगळले. याउलट ज्यू व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९४७ मध्येच त्यांच्यासोबत बीथोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवून त्यांची बाजू घेतली. कलावंतांमध्येही या माणसाविषयी एकमत होऊ शकले नाही, ते आजही झालेले नाही.

ढिगाऱ्यांतली पाचवी

२५ मे १९४७ रोजी फुर्टवेंगलर पुन्हा बर्लिन फिलहार्मनिकपुढे उभे राहिले. जुने सभागृह उरले नव्हते, म्हणून मैफल टिटानिया पालास्ट या चित्रपटगृहात झाली. कार्यक्रम पूर्णपणे बीथोव्हनचा: एग्मोंट नाट्याची पूर्वपीठिका, सहावी ‘पास्टोरल’ आणि पाचवी सिंफनी. पुढच्या काही दिवसांत हाच कार्यक्रम पुन्हा झाला आणि २७ मेच्या वादनाचे मुद्रण जगभर गाजले.

पाचव्या सिंफनीतील सर्वांत अवघड जागा तिसऱ्या आणि चौथ्या भागांमधील सांध्यावर आहे. तंतुवाद्यांचा एकच स्वर लांबत राहतो, त्याखाली टिंपनी हलकेच ठोके देत राहते आणि मग अंधारातून दार उघडावे तसा शेवटचा भाग झळाळून येतो. ट्राँबोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून ही वाद्ये या सिंफनीत प्रथमच बोलतात ती इथे. जून १९४३ मधील मुद्रणात हा क्षण एखाद्या आघातासारखा येतो. १९४७ मध्ये तो आधी खूप वेळ येतच नाही आणि येतो तेव्हा सुटकेच्या निःश्वासासारखा येतो. १९५४ च्या स्टुडिओतील मुद्रणात तोच क्षण भव्य आहे, स्थिर आहे, पण त्याला आता कसलीच भीती उरलेली नाही. स्वरलिपी एक, संचालक एक. बदलले होते ते वर्ष. पाचव्या आणि नवव्या सिंफनीची फुर्टवेंगलर यांची प्रत्येकी दहाहून अधिक मुद्रणे आज उपलब्ध आहेत. त्यांचा खरा ‘संच’ नऊ सिंफनींचा नाही, तर एकाच सिंफनीच्या या अनेक तारखांचा आहे.

बायरॉइट आणि एक शंका

२९ जुलै १९५१ रोजी युद्धानंतरचा पहिला बायरॉइट महोत्सव नवव्या सिंफनीने सुरू झाला. १८७२ साली तिथल्या नाट्यगृहाची पायाभरणी करताना वाग्नरने हीच सिंफनी बायरॉइटमध्ये वाजवून घेतली होती. हिटलरच्या आवडत्या या स्थळाला आता नवी सुरुवात हवी होती आणि ती करून द्यायला फुर्टवेंगलर यांना बोलावण्यात आले. एलिझाबेट श्वार्ट्सकॉफ, एलिझाबेट ह्यॉंगेन, हान्स हॉफ आणि ऑटो एडेलमान हे एकल गायक होते. सुमारे पंचाहत्तर मिनिटांचे हे वादन ईएमआयने त्यांच्या मृत्यूनंतर, १९५५ साली प्रसिद्ध केले आणि नवव्या सिंफनीचे आदर्श मुद्रण म्हणून ते जगभर मान्यता पावले. मार्च १९४२ मधला संताप इथे नाही. आहे ती थकव्यातून सावरलेली श्रद्धा. शेवटची धाव मात्र इतकी बेफाम, की अखेरच्या काही स्वरांत वाद्यवृंदाची अक्षरशः दमछाक होते.

कॉम्पॅक्ट डिस्कची लांबी सुमारे ७४ मिनिटे ठरवली गेली ती हीच नववी एका तबकडीवर मावावी म्हणून, अशी आख्यायिका सांगितली जाते. डिस्कच्या निर्मितीत सहभागी असलेल्या तंत्रज्ञांनी मात्र व्यापारी आणि तांत्रिक कारणांकडे बोट दाखवले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे उघड झाली. बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातील त्याच दिवसाची फीत २००७ नंतर प्रकाशात आली. ती ईएमआयच्या तबकडीशी तंतोतंत जुळत नव्हती. २०२१ मध्ये स्वीडिश रेडिओने त्या संध्याकाळी केलेल्या प्रक्षेपणाचे मुद्रणही प्रसिद्ध झाले. अर्धशतकभर ज्या तबकडीला प्रत्यक्ष मैफलीचा जिवंत क्षण म्हणून डोक्यावर घेतले, तिच्यात तालमीतील भाग मिसळलेले असावेत, या शंकेला त्यामुळे बळ मिळाले. श्रोत्यांच्या उपस्थितीतच संगीत घडते, असे मानणाऱ्या संचालकाचे सर्वांत गाजलेले मुद्रण कदाचित रिकाम्या खुर्च्यांपुढचे असावे! तबकडीवर फार विश्वास ठेवू नका, हा त्यांचा इशारा असा अनपेक्षितपणे खरा ठरला.

मॉस्कोला गेलेल्या फिती

युद्धकाळातील बर्लिनच्या फितींची कथाही कमी नाट्यमय नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने रेडिओच्या संग्रहातील फिती मॉस्कोला नेल्या. १९६० च्या दशकात सोव्हिएत तबकड्यांवर त्या उमटू लागल्या आणि हाती लागेल तिथून मिळवलेल्या त्या तबकड्यांवरून पश्चिमेकडील रसिकांना या मैफली प्रथमच ऐकायला मिळाल्या. १९८७ मध्ये त्यांच्या प्रती बर्लिनला परत आल्या. अखेर बर्लिन फिलहार्मनिकने स्वतःच १९३९ ते १९४५ या काळातील उपलब्ध रेडिओ मुद्रणे एकत्र करून बावीस डिस्कचा संच काढला. ज्या वाद्यवृंदाने हे सूर निर्माण केले, त्यानेच त्या काळाला सामोरे जाण्याचे हे पाऊल होते.

स्टुडिओत सिद्ध केलेला नऊ सिंफनींचा पूर्ण संच मात्र फुर्टवेंगलर यांच्या नावावर नाही. व्हिएन्नामध्ये ईएमआयसाठी सातवी १९५० मध्ये, पहिली, तिसरी, चौथी आणि सहावी १९५२ मध्ये, तर पाचवी १९५४ मध्ये मुद्रित झाली. दुसरी आणि आठवी राहून गेल्या. दुसरीचे एकमेव उपलब्ध मुद्रण १९४८ मधील लंडनच्या मैफलीचे, तेही खरखरीत आवाजातले. संचात ती आणि स्टॉकहोममधली आठवी घालून नऊची बेरीज पुरी करण्यात आली. त्यांच्यानंतर बर्लिनची धुरा घेणारे हर्बर्ट फोन कारायान यांनी याउलट स्टुडिओलाच आपले घर मानले, बीथोव्हनचे चार पूर्ण संच केले आणि १९६१-६२ मध्ये मुद्रित झालेला त्यांचा संच घरोघरी पोहोचला. कारायान यांचे बीथोव्हन चकाकते आणि बहुतेकदा सारखेच असते. फुर्टवेंगलर यांचे कधीच तसे नसते.

आक्षेप आणि उत्तर

फुर्टवेंगलर यांच्या या पद्धतीवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बीथोव्हनने स्वतः १८१७ मध्ये आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी आणि पुढे नववीसाठी मेट्रोनोमनुसार लयीचे आकडे दिले होते. १९८० नंतर रॉजर नॉरिंग्टन, जॉन इलियट गार्डिनर आदी संचालकांनी त्या काळातील वाद्ये घेऊन ते आकडे प्रमाण मानले. फुर्टवेंगलर जो संथ भाग एकोणीस-वीस मिनिटे वाजवतात, तो या मंडळींकडे बारा मिनिटांच्या आसपास आटोपतो. त्यांचे वादन ऐकल्यावर फुर्टवेंगलर यांचे बीथोव्हन काहींना वाग्नरच्या चष्म्यातून पाहिलेले, जड आणि धूसर वाटते. या आक्षेपात तथ्य आहे. बीथोव्हनच्या काळातील व्हिएन्नात त्याची सिंफनी अशी वाजली नसेल.

पण फुर्टवेंगलर यांनी १८२४ चे व्हिएन्ना पुन्हा उभे करण्याचा दावा कधी केलाच नव्हता. रचना आज, या श्रोत्यांसमोर, पुन्हा जन्माला आली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. तो मान्य केला तर त्याचे ओझेही उचलावे लागते. संगीत त्या क्षणात जन्मते असे म्हणायचे आणि तो क्षण १९४२ च्या बर्लिनमधला असूनही संगीत त्यापासून अलिप्त होते असेही म्हणायचे, हे एकाच वेळी शक्य नाही. आपण राजकारणापलीकडच्या बीथोव्हनची सेवा केली, या त्यांच्या बचावाला सर्वांत मोठा छेद त्यांच्याच ध्वनिमुद्रणांनी दिला आहे. ती मुद्रणे आपल्या काळापलीकडे गेलेली नाहीत, ती त्या काळाने काठोकाठ भरलेली आहेत. त्यांचे मोल कमी होत नाही ते याचमुळे.

शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. २२ ऑगस्ट १९५४ रोजी ल्यूसर्न येथे फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह त्यांनी अखेरची नववी सादर केली. त्याच उन्हाळ्यात साल्झबुर्गमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने त्यांना पियानो वाजवून दाखवला. फुर्टवेंगलर यांनी त्याला बर्लिन फिलहार्मनिकसोबत वाजवण्याचे निमंत्रण दिले. मुलाच्या वडिलांनी आभार मानून नकार दिला. ज्यू कुटुंबाने बर्लिनला जावे इतका काळ अजून लोटलेला नाही, हे त्यांचे कारण. तो मुलगा म्हणजे दानिएल बारेनबोइम. पुढे त्यांनीच बर्लिनमध्ये बीथोव्हनच्या नऊही सिंफनी मुद्रित केल्या आणि फुर्टवेंगलर यांचे ऋण वेळोवेळी मान्य केले. वडिलांचा नकारही योग्य होता आणि मुलाची कृतज्ञताही. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी बाडेन-बाडेनजवळ फुर्टवेंगलर यांचे निधन झाले.

त्यांच्या बीथोव्हनशी ज्यांची ओळख अद्याप झालेली नाही, त्यांनी आधी ल्यूसर्नची नववी ऐकावी. तिचा आवाज त्यांच्या नवव्यांमध्ये सर्वांत स्वच्छ आहे आणि तिच्यात एक दीर्घ, शांत उजेड आहे. मग काही दिवसांनी, घरात कोणी नसताना, मार्च १९४२ ची ऐकावी. फिती खरखरतील, टिंपनीचा आवाज फाटेल, मधेच प्रेक्षागृहातला खोकला ऐकू येईल. तो खोकणारा माणूस कोण होता, उरलेले युद्ध तो जगला का आणि बंधुत्वाचे ते वृंदगान ऐकून घरी जाताना त्याच्या मनात काय होते, हे कोणतीही तबकडी सांगणार नाही. पण तो तिथे होता, एवढे मात्र ती विसरू देत नाही.